पहिलं गाणं
(रौप्यमहोत्सवी सोहळ्यातील भाषण, स्मरणिकेसाठी लिहून काढलेले)



सेक्रेटरीसाहेबांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. बँकेत ३७ वर्षं नोकरी केलेल्या माणसाला दिलेली मुदत पाळायची सवय असते, पण बोलायला उभं केल्यावर मुदतवाढ मागायचीही असते. तेव्हा थोडं मागे-पुढे होईल, सांभाळून घ्या.

विषय तुम्हाला ठाऊक आहे. बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावरून शनिवारी-रविवारी संध्याकाळी पाच ते सहा जे काही ऐकू येतं, त्याबद्दल बोलायचं आहे. पियानोची गोष्ट ती. काही जुन्या सभासदांना आठवत असेल, २००० साली आपण सगळे इथे राहायला आलो तेव्हा हा पियानो लिफ्टमध्ये शिरेना. हमालांनी हात टेकले. शेवटी आठ सभासदांनी दोर बांधून तो जिन्याने वर चढवला. त्यातले तिघे आज हयात नाहीत. दुसऱ्या मजल्यावरच्या कठड्याला तेव्हा जी खरचटल्याची खूण पडली ती अजून आहे, दोनदा रंगकाम होऊनही. त्याची भरपाई माझ्याकडून आजवर कोणी मागितली नाही, हे कमिटीच्या मोठेपणाचं लक्षण आहे किंवा ऑडिटरच्या नजरेतून सुटलेलं आहे.

आता तो घरात कसा आला ते सांगतो. १९८६ साली माझी बदली पणजीला झाली. मुलगी तेव्हा सात वर्षांची. आम्ही मळ्यात राहायचो आणि शेजारी एक टीचर राहायच्या. साठीच्या बाई, घरात जुना पियानो. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवायची पद्धत होती. आपल्या हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात इतके गोवेकर वादक का, त्याचं उत्तर त्या शाळांमध्ये आहे. या बाई त्याच परंपरेतल्या. त्या माझ्या मुलीला 'बाय' म्हणायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी पुस्तक उघडलंच नाही. तिला विचारलं, तुला कुठलं गाणं येतं? तिने शाळेतलं कुठलं तरी गाऊन दाखवलं. म्हणाल्या, हे बघ, ते इथेच आहे, शोधूया. अर्ध्या तासाने मुलगी उड्या मारत घरी आली, की मला पियानो येतो. फेस्टिव्हल अ‍ॅडव्हान्स आणि आमच्या मंडळींची भिशी असं एकत्र करून मी जुना पियानो विकत घेतला तो त्या उड्यांपायी.

तीन वर्षांनी बदली मुंबईला. इथे मी बापाचं कर्तव्य म्हणून मुलीला परीक्षेच्या क्लासला घातलं. शिकवणाऱ्या बाई चांगल्या होत्या, दोष त्यांना देत नाही. दोष घरी होता. मी रोज रात्री जेवण झाल्यावर तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसायचो, हातात पेन्सिल. वहीत चुका लिहून ठेवायचो. आज अकरा, काल चौदा, म्हणजे प्रगती आहे! ब्रँचमध्ये दिवसभर इतरांच्या चुका शोधून आलेला माणूस घरी येऊन तेच करायचा.

१९९१ची भाऊबीज. घरी बारा-पंधरा पाहुणे. मी म्हटलं, वाजवून दाखव. तिने सुरुवात केली आणि मध्येच एके ठिकाणी अडकली. मी मोठ्याने म्हणालो, "पहिल्यापासून." ती पुन्हा तिथेच अडकली. मी पुन्हा म्हणालो, "पहिल्यापासून." असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा तिने पियानोचं झाकण खाली केलं, अगदी हळू, आवाज न करता, आणि आत जाऊन आईला फराळाच्या ताटल्या भरायला मदत करू लागली. रडली नाही, भांडली नाही. पुढे दहावी आली, मग बारावी. तिने पियानोला परत हात लावला नाही आणि मीही 'का' असं विचारलं नाही. वीस वर्षं त्या पियानोवर फोटोफ्रेम आणि फुलदाणी राहिली. पावसाळ्यात ओल धरून पट्ट्या अडकू नयेत म्हणून त्याच्या पोटात छोटा दिवा मात्र मी नेमाने लावत होतो. का लावत होतो, कोण जाणे.

निवृत्त झाल्यावर आमच्या मंडळींनी एकदाच विचारलं, "हा विकायचा आहे की वाजवायचा आहे?" मी साठाव्या वर्षी शिकायला सुरुवात केली. लहानपणी वडिलांची पेटी थोडी वाजवली होती, तेवढंच भांडवल. आजही मी काही वादक नाही. मला जे शिकवता येतं ते पहिलं वर्ष-दीड वर्ष. त्यापुढे मी मुलांना बाहेरच्या शिक्षकांकडे पाठवतो. पण या पहिल्या वर्षाबद्दल मात्र माझी काही मतं आहेत, आणि ती आज ऐकवल्याशिवाय तुम्हाला जेवायला सोडणार नाही.

गणपतीच्या वर्गणीला मुलांची टोळी आली होती. २०१२ असेल. मी पैसे आणायला आत गेलो तेवढ्यात सी विंगमधल्या एका चिमुरडीने फुलदाणी बाजूला करून झाकण उघडलं आणि काळ्या पट्ट्यांवर बोट ठेवलं. "आजोबा, ह्या काळ्या दोन-दोन, तीन-तीन का आहेत?" मला तो प्रश्न इतका आवडला की पावती फाडायची राहिली.

तेव्हापासून माझा पहिला धडा काळ्या पट्ट्यांचाच. पियानोला ८८ पट्ट्या, त्यात ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या. पांढऱ्या सगळ्या सारख्या दिसतात, लहान मूल त्यात हरवतं. काळ्या मात्र दोनाचा गट, तीनाचा गट अशा असतात. मुलाला सांगायचं, सगळ्या जुळ्या शोध. ते उजवीकडून डावीकडे पियानोभर शोधत जातं आणि न शिकवता त्याला कळतं की इकडे आवाज जाड, तिकडे बारीक. जुळ्यांच्या लगेच डावीकडे जी पांढरी, ती आपल्या पेटीवाल्यांची पांढरी एक. सापडली.

आणि घरी ज्यांच्याकडे पेटी किंवा कीबोर्ड आहे त्यांनी एक गंमत करून बघा. फक्त काळ्या पट्ट्या वाजवायच्या. काळी तीनला सा धरलात तर त्या पाच काळ्या म्हणजे सा रे ग प ध, आपला भूप. त्याच पाच पट्ट्या काळी एकला सा धरून वाजवा, सा रे म प ध होतं, दुर्गा. मुलाने वाटेल तिथे बोट ठेवलं तरी बेसूर होत नाही. खाली मी नुसता सा-प धरून ठेवतो, तंबोऱ्यासारखा, आणि वर ते मूल मनाला येईल ते वाजवतं. पहिल्या दहा मिनिटांत त्याला वाटतं, मी वाजवलं. आणि खरंच त्यानेच वाजवलेलं असतं.

मग पहिलं गाणं. इथे पालक म्हणतात, "काका, हॅपी बर्थडे शिकवा, पुढच्या आठवड्यात आमच्याकडे वाढदिवस आहे." आता हॅपी बर्थडे दिसतं सोपं, पण फसवं आहे. ती चाल अमेरिकेत केंटकी राज्यातल्या मिल्ड्रेड आणि पॅटी हिल या बहिणींची. १८९३ साली छापली गेली तेव्हा ते बालवाडीतल्या मुलांचं सकाळच्या नमस्काराचं गाणं होतं. म्हणजे गळ्यासाठी केलेलं, बोटांसाठी नव्हे. तीन मात्रांचा ठेका, सुरुवात समेच्या आधी, आणि तिसऱ्या ओळीत एकदम खालच्या पंचमावरून वरच्या पंचमावर उडी. अख्खं सप्तक! सहा वर्षांच्या मुलाचा पंजा तिथे पोचतच नाही. ट्विंकल ट्विंकलचं तसंच. ती मूळची जुनी फ्रेंच चाल, मोझार्टने तिच्यावर बारा आवर्तनं रचली. पण तिला सहा स्वर लागतात आणि देवाने बोटं पाच दिली आहेत. म्हणून ही दोन्ही गाणी माझ्याकडे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात येतात. पालक रागावतात, रागावू देत.

पहिलं गाणं तीन स्वरांचं. ग रे सा, खाली उतरायचं आणि परत चढायचं, बस्स. शब्द मूल स्वतः करतं. आतापर्यंतचं सर्वात यशस्वी गाणं 'भेंडी नको, बटाटा हवा' हे आहे. त्याच्या कवयित्री आता दहावीला आहेत, तिसऱ्या रांगेत बसून माझ्याकडे रागाने बघतायत. शब्दांचा फायदा असा की ठेका आपोआप येतो. एक-दोन-तीन-चार मोजायला लावलं की मूल मोजण्यात अडकतं आणि बोटं थांबतात. 'भेंडी नको' म्हणताना कोणी अडखळत नाही. आधी म्हणायचं, मग टाळीवर म्हणायचं, मग वाजवायचं.

त्यानंतर पाच स्वरांची गाणी. भोंडल्याची गाणी याला फार छान, चार-पाच स्वरांतच फिरतात आणि आईला, आजीला येतात. बीथोवनच्या नवव्या सिंफनीतली आनंदाची धून आहे ना, १८२४ साली व्हिएन्नामध्ये पहिल्यांदा वाजली तेव्हा तो स्वतः बहिरा झालेला होता, ती धून बहुतेक सगळी शेजारच्या शेजारी चालते. पहिल्या दोन ओळी पाच बोटांत बसतात. मुलांना मी सांगतो, हे एवढ्या मोठ्या माणसाचं आहे आणि तुझ्या हातात मावतं.

काही किरकोळ पण महत्त्वाच्या गोष्टी. हात कसा ठेवायचा? मुठीत लिंबू अलगद धरल्यासारखा. पाय लोंबकळू द्यायचे नाहीत, खाली पाट द्यायचा, कारण पाय अधांतरी असले की खांदे ताठ होतात. उंची कमी पडली तर माझ्याकडे जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या आहेत, त्यांचा दुसरा काही उपयोग उरलेला नाही. पट्ट्यांवर अक्षरांचे स्टिकर चिकटवू नका. मूल स्टिकर वाचतं, कान बंद करतं. बोटांचे आकडे, अंगठा एक, करंगळी पाच, हे शिकवतो, पण त्याच्या आहारी जाऊ देत नाही. नाहीतर मुलाला वाटतं 'तीन' हे स्वराचंच नाव आहे, आणि हात जरा सरकवला की बिचारं गोंधळतं. आणि कीबोर्ड घ्यायचाच तर पट्ट्या पूर्ण मापाच्या हव्यात, निदान ६१, आणि बोट हळू-जोरात दाबल्याचा फरक आवाजात कळायला हवा. आतमध्ये शंभर ताल नि कुत्र्याचं भुंकणं आहे की नाही हे बघू नका. मुलं तेच वाजवत बसतात, शपथेवर सांगतो.

माझ्याकडे फी नाही, पासबुक आहे. प्रत्येकाला छोटी वही. गाणं पूर्ण झालं की तारीख घालून जमा. पण घरी कुणाला तरी वाजवून दाखवून त्यांची सही आणल्याशिवाय एंट्री होत नाही. आजी चालतात, वॉचमनकाका चालतात, व्हिडिओ कॉलवरचे मामा चालतात, त्यांनी सहीचा फोटो पाठवायचा. वहीत नावे बाजू नाही. चुका लिहायला रकानाच ठेवलेला नाही. का, ते तुमच्या लक्षात आलं असेल.

आता एका मुलाची गोष्ट. नाव घेत नाही, तो इथेच आहे. चार वर्षांपूर्वी साडेसहा वर्षांचा होता. आईला वाटे याने शिकावं, त्याला वाटत नसे. दोन शनिवार तो पियानोपासून हातभर लांब बसून राहिला. भेंडी नको, बटाटा नको, भूप नको. तिसऱ्या शनिवारी मी पाणी प्यायला आत गेलो आणि बाहेरून एका बोटाने काहीतरी ऐकू यायला लागलं. ओळखीचं वाटलं. ऐकतो तर ती आपल्या लिफ्टची धून! दार उघडं राहिलं की जी वाजत राहते आणि जिच्याबद्दल मी स्वतः कमिटीला दोन तक्रारअर्ज दिले आहेत, तीच.

चौथा स्वर त्याचा चुकत होता. मी दारात उभा. जिभेवर शब्द आला होता. तुम्हाला कुठला ते माहीत आहे. पण मी गप्प राहिलो. तो थांबला, मान वाकडी केली, शेजारची पट्टी दाबली, नाही. त्याच्या शेजारची, नाही. मग काळी दाबली आणि त्याचा चेहरा बदलला. बरोबर सापडलं होतं आणि ते त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. दोन-तीन मिनिटं लागली असतील. ती दोन-तीन मिनिटं गप्प उभं राहणं मला फार जड गेलं, खोटं कशाला बोलू. त्याच्या पासबुकातली पहिली एंट्री 'लिफ्टचं गाणं' अशी आहे, आणि सही लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसाची. माझे दोन्ही तक्रारअर्ज मी या व्यासपीठावरून मागे घेतो.

मोठ्या संगीतकारांनीही हे केलेलं आहे, मी नंतर वाचलं. हंगेरीच्या बेला बार्टोकने १५३ छोट्या रचनांची सहा पुस्तकं केली. पहिल्या रचनांत दोन्ही हात एकच चाल वाजवतात, पाच बोटांत. पहिली दोन पुस्तकं त्याने आपल्या मुलाला अर्पण केली. व्हिएन्नाच्या डियाबेलीने गुरू-शिष्यांनी एकत्र वाजवायच्या २८ रचना केल्या, शिष्याच्या वाट्याला फक्त पाच स्वर. आणि जर्मनीतला शूमन. १८४८ साली त्याच्या थोरल्या मुलीचा सातवा वाढदिवस होता, तिला भेट म्हणून त्याने छोटे छोटे तुकडे लिहायला घेतले, आणि त्यातून लहान मुलांसाठी ४३ रचनांचं पुस्तक झालं. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. सातव्या वर्षीच माझी मुलगीही टीचरकडे जायला लागली होती. त्या माणसाने मुलीला गाणी लिहून दिली. मी परीक्षेचा फॉर्म भरून दिला.

क्लासच्या आवाजाचा विषय एका वार्षिक सभेत 'ऐनवेळच्या विषयां'मध्ये आला होता. तक्रार करणाऱ्यांचं बरोबर होतं. त्यांच्याकडे बारावी होती. तेव्हापासून फेब्रुवारी-मार्चमध्ये क्लास बंद, आणि एरवी सहाच्या ठोक्याला झाकण बंद. ज्यांनी तक्रार केली त्यांची नात आता माझ्याकडे येते. ठरावाची नोंद मिनिट बुकात आहे, नातीची पासबुकात.

गेल्या मे महिन्यात माझी मुलगी आली होती. तिला आता चाळिशी उलटून गेलीय, नोकरी-संसार सगळं व्यवस्थित. शनिवार होता. ती सोफ्यावर मासिक चाळत बसली होती आणि ए विंगमधली एक पाच वर्षांची मुलगी तीन स्वरांचं गाणं वाजवत होती. मी खाली सा-प धरणार तेवढ्यात बेल वाजली. दूधवाला, महिन्याचा हिशोब. मी दाराशी गेलो. सुट्टे पैसे मोजताना मागून ऐकू आलं, सा-प, सा-प, सा-प. छोटी थांबली नव्हती आणि कोणीतरी तिला साथ धरली होती. मी मागे वळून बघितलं नाही. दूधवाल्याचा हिशोब दोनदा तपासला. त्याला वाटलं असेल, म्हातारा विश्वास ठेवत नाही.

नंतर चहाच्या वेळी आम्ही आंब्यांच्या भावावर बोललो.

असो. सेक्रेटरीसाहेब घड्याळ दाखवतायत. आता माझे नऊ विद्यार्थी वाजवणार आहेत. पियानो खाली आणणं शक्य नव्हतं, उरलेले सभासद आता साठीच्या पुढे आहेत, म्हणून कीबोर्डवर. सगळ्यात लहान पाच वर्षांची, सगळ्यात मोठा अकरा. गाणी एकूण नऊ, त्यात एक लिफ्टचं आहे, ओळखा. मध्ये कोणी अडकलं तर कृपया खालून मदत करू नका, आई-बाबांनी तर मुळीच नाही. त्यांना थोडा वेळ लागेल. जेवण तयार आहे, केटररशी मी बोललो आहे, पुऱ्या गरम राहतील.

चला रे, पहिलं कोण? पाट आणलाय ना?